लॉ जर्नलला लेख पाठवायचाय? आधी तो तिथे कोण वाचतं ते पाहा

एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आलं की 'पब्लिकेशन' हा शब्द सारखा कानावर पडायला लागतो. सीव्हीत एखादं तरी हवंच, परदेशात एलएलएम करायचं तर दोन हवीत, असं सीनियर सांगत असतात. मग मूट कोर्टासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यासाठी, लिहिलेल्या मेमोरियलमधला (लेखी युक्तिवादातला) एक तुकडा काढायचा, त्यावर 'अ क्रिटिकल अ‍ॅनालिसिस' असं शीर्षक चिकटवायचं आणि दिसेल त्या जर्नलला रवाना करायचं. दोन महिन्यांनी दोन ओळींचा नकार येतो. कधीकधी तोही येत नाही. लेखक म्हणतो, आपलं इंग्रजी कमी पडलं, किंवा आपलं कॉलेज नॅशनल लॉ स्कूल नाही ना, म्हणून.

असं कधीच होत नाही, असा दावा मी करणार नाही. पण बहुतेक नकारांचं कारण याहून साधं असतं. लेखात कायदा सांगितलेला असतो, लेखकाचं स्वतःचं म्हणणं कुठेच सापडत नाही. हे का घडतं ते कळायला, लेख पाठवल्यावर आत काय चालतं ते बघायला हवं.

आत कोण बसलेलं असतं

वैद्यकशास्त्राचं किंवा भौतिकशास्त्राचं जर्नल म्हटलं की संपादक त्या विषयातला मुरलेला प्राध्यापक असतो. कायद्यात मात्र एक अजब रीत आहे. अमेरिकेतली बहुतेक नामांकित लॉ रिव्ह्यू, म्हणजे कायद्याची जर्नलं, विद्यार्थी चालवतात. 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' १८८७ मध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केलं आणि कुठला लेख घ्यायचा, कुठला परत पाठवायचा, हे आजही तेच ठरवतात. भारतातल्या नॅशनल लॉ स्कूलांनी हीच पद्धत उचलली. बेंगळुरूचं 'नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू' आणि कोलकात्याचं 'एनयूजेएस लॉ रिव्ह्यू' यांची संपादक मंडळं विद्यार्थ्यांची आहेत. इंग्लंडमध्ये 'लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू' (१८८५) आणि 'मॉडर्न लॉ रिव्ह्यू' (१९३७) यांची सूत्रं अध्यापकांकडे असतात. आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचं जर्नल १९५८ पासून निघतं. तेही संस्थेचं, विद्यार्थ्यांचं नव्हे.

हा फरक माहीत असला की आपला वाचक कोण ते कळतं. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये तुमचा लेख पहिल्यांदा उघडणारी व्यक्ती वीस-एकवीस वर्षांची असते. तिची स्वतःची परीक्षा तोंडावर असते, इंटर्नशिपचे अर्ज चालू असतात आणि फोल्डरमध्ये इतर लेखांचा ढीग पडलेला असतो. ती शीर्षक बघते, सारांश वाचते, पहिली दोन पानं वाचते आणि शेवटच्या निष्कर्षावर नजर टाकते. एवढ्यावरच पुष्कळ लेख बाद होतात. यालाच 'डेस्क रिजेक्शन' म्हणतात. त्यातून जो सुटतो तो एक-दोन संपादक नीट वाचतात. त्यानंतर चांगली जर्नलं तो बाहेरच्या जाणकाराकडे पाठवतात. तिथे लेखकाचं नाव परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षकाचं लेखकाला. हे 'डबल ब्लाइंड' परीक्षण.

नाव झाकायचं म्हणजे पहिल्या पानावरून काढून टाकलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण वर्डच्या फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव तसंच राहतं, ट्रॅक चेंजेसमध्ये गाइडचं नाव दिसतं आणि तळटीप क्रमांक तीनमध्ये 'माझ्या आधीच्या लेखात मी दाखवल्याप्रमाणे' असं लिहिलेलं असतं. फाइल पाठवण्यापूर्वी वर्डमधलं 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून ही माहिती काढून टाकायची आणि स्वतःच्या लेखाचा उल्लेखही तिऱ्हाइताचा करावा तसा करायचा. आभार मानायचे ते लेख स्वीकारल्यावर.

एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी पाठवावा का? अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या लॉ रिव्ह्यूंना असा पाठवणं सर्रास चालतं. तिथे वसंतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस असे दोन हंगाम असतात. 'स्कॉलॅस्टिका'सारख्या व्यवस्थेतून एकाच वेळी अनेक जर्नलांना लेख जातो आणि एकाने होकार दिला की तो दाखवून वरच्या जर्नलला 'लवकर ठरवा' अशी घाई करता येते. याला 'एक्स्पिडाइट' म्हणतात. लेखांची ही बाजारपेठच आहे, आणि मला ती काही फार शोभिवंत वाटत नाही. पण तिथला तो मान्य रिवाज आहे. इंग्लंडात आणि भारतातल्या बहुतेक जर्नलांना तो चालत नाही. 'हा लेख अन्यत्र विचाराधीन नाही' असं तुमच्याकडून लिहून घेतात. तसं लिहून देऊन तीन ठिकाणी लेख पाठवला आणि दोन परीक्षकांचं काम झाल्यावर 'दुसरीकडे स्वीकारला गेला' अशी मेल केली, तर तुमचं नाव त्या मंडळाच्या लक्षात राहतं. चांगल्या अर्थाने नव्हे.

विषय असतो, म्हणणं नसतं

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंची कैफियत आली की न्यायालय मुद्दे काढतं. पक्षकारांमध्ये नेमका वाद कशाचा आहे, हे ठरल्याशिवाय पुरावा सुरू होत नाही. लेखाचंही तसंच आहे. ज्या लेखात मुद्दाच काढलेला नाही, त्यात पुढची वीस पानं कशाचा पुरावा देतात हे वाचणाऱ्याला कळत नाही.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. चेक न वटण्याच्या खटल्यांवर दरवर्षी विद्यार्थी लिहितात. शीर्षक असतं: 'कलम १३८: एक चिकित्सक अभ्यास'. पहिली पाच पानं हुंडीचा इतिहास, मग हे कलम ज्यात आहे तो १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, मग १९८८ ची दुरुस्ती, मग दहा निवाड्यांचे सारांश, आणि शेवटी 'कायद्याची काटेकोर अंमलबजावणी व्हावी'. यातलं एकही वाक्य चूक नसेल. पण यावर कोणी 'मला हे पटत नाही' असं म्हणू शकणार नाही, आणि तिथेच लेख मेला.

त्याच विषयात म्हणणं कसं सापडतं ते बघा. २०१८ मध्ये याच कायद्यात कलम १४३-अ आलं. खटला चालू असतानाच आरोपीने फिर्यादीला चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. हा आदेश देणं बंधनकारक की ऐच्छिक, यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'राकेश रंजन श्रीवास्तव विरुद्ध झारखंड राज्य' या निवाड्यात तो ऐच्छिक ठरवला. सोबत असंही सांगितलं की आदेश देण्यापूर्वी फिर्यादीच्या आणि आरोपीच्या बाजूचं प्रथमदर्शनी मूल्यमापन करा, आरोपीची आर्थिक स्थिती विचारात घेता येईल आणि थोडक्यात का होईना, कारणं नोंदवा.

इथे थांबून विचार केला की वाद दिसायला लागतो. त्याच कायद्याचं कलम १४३ म्हणतं की असे खटले संक्षिप्त पद्धतीने चालवावेत आणि फिर्याद दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा. मग अंतरिम अर्जावरच दोन्ही बाजूंचं बळ तोलायचं, तर सहा महिन्यांच्या खटल्याच्या पोटात आणखी एक छोटा खटला चालणार नाही का? 'सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निकष न्याय्य आहेत, पण ते अमलात आणायला अर्जाची सुनावणी फक्त दाखल कागदांवर आणि एकाच तारखेत व्हायला हवी. नाहीतर कलम १४३ चा हेतूच बाद होतो.' हे झालं म्हणणं. कोणी म्हणेल एका तारखेत आरोपीवर अन्याय होईल. कोणी म्हणेल निकष मुळातच चुकले. भांडायला जागा आहे, म्हणजे लेखाला जागा आहे.

हे म्हणणं पहिल्या पानावरच यायला हवं. रहस्यकथेसारखं शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवायचं नाही. सारांशात तर पहिल्या तीन वाक्यांत. आणि 'प्राचीन काळापासून मानवी समाजात कायद्याला महत्त्वाचं स्थान आहे' हे वाक्य कुठेही, कुठल्याही भाषेत लिहायचं नाही. संपादकांनी ते इतक्यांदा वाचलेलं असतं की पुढचं वाचायची त्यांची इच्छाच उडते.

म्हणणं एका ओळीचं असलं तरी किती लांब जातं, याचा दाखला आपल्याच मुलखातला आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, हे न्यायालयाने संमतीच्या बाजूने धरलं. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते 'सुप्रीम कोर्ट केसेस'च्या जर्नल विभागात छापलं गेलं. तांत्रिकदृष्ट्या तो शोधनिबंध नव्हता, परीक्षण वगैरे काही झालं नव्हतं. पण त्यातला गाभा धारदार होता: पोलिसांच्या ताब्यातल्या मुलीने भीतीने शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुराव्यातून सिद्ध होते ती फक्त शरणागती. त्या पत्रानंतर देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: ताब्यातल्या बलात्काराच्या खटल्यात संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं पीडितेने सांगितलं, तर न्यायालय तसंच गृहीत धरेल.

तालुका कोर्टातल्या वकिलाजवळ काय असतं

जर्नल म्हणजे प्राध्यापकांचं काम, अशी समजूत आपल्याकडच्या वकिलांत घट्ट आहे. खासगीपणाच्या हक्कावरचा जगातला सर्वांत गाजलेला लेख १८९० मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त आला. त्याचे लेखक सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस प्राध्यापक नव्हते, बॉस्टनमधल्या वकिलीतले भागीदार होते. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं तेव्हाही त्या लेखाची दखल घेतली गेली.

तालुक्याला प्रॅक्टिस करणाऱ्याकडे दिल्ली-बेंगळुरूच्या विद्यार्थ्याकडे नसतं असं काहीतरी असतं: खालच्या कोर्टात रोज काय घडतं याची माहिती आणि मराठी कागद वाचायची सवय. फेरफार, सातबारा, पंचनामा, तहसीलदाराचा आदेश हे सगळं मराठीत आहे आणि इंग्रजी जर्नलांत ते फारसं पोहोचलेलं नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कनिष्ठ न्यायालयांचे आदेश मिळतात. वर सांगितलेल्या कलम १४३-अ चंच बघा. एका जिल्ह्यातल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे एका वर्षातले आदेश गोळा करून, किती ठिकाणी कारणं नोंदवली आणि किती ठिकाणी नुसतं 'अर्ज मंजूर' लिहिलं, एवढं मोजलं तरी ग्रंथालयात बसून सुचणार नाही असा लेख तयार होतो. मराठी आदेशातलं वाक्य वापरताना लेखात इंग्रजी भाषांतर द्यावं, तळटीपेत मूळ मराठी ठेवावं आणि भाषांतर आपलं आहे हे नोंदवावं. पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' हाताशी ठेवावा. स्वतः चालवलेल्या केसवर लिहीत असाल, तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे होतात हे संपादकांना आधीच कळवा. नंतर उघड झालं तर लेखाबरोबर तुमचीही पत जाते.

तळटीप: जिथे खरी परीक्षा होते

कायद्याच्या लेखात जवळजवळ प्रत्येक विधानाला आधार लागतो, आणि तो कसा लिहायचा याचे नियम जर्नलागणिक बदलतात. अमेरिकन वळणाची जर्नलं 'ब्लूबुक' या नियमपुस्तकाप्रमाणे तळटीपा मागतात. ते हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया इथल्या लॉ रिव्ह्यूंनी मिळून तयार केलं, पहिली आवृत्ती १९२६ ची. ब्रिटिश वळणाची जर्नलं ऑक्सफर्डच्या 'ऑस्कोला' या नियमावलीप्रमाणे मागतात. वर सांगितलेला देसाईगंजचा निवाडा दोन्ही पद्धतींत 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७९) २ एससीसी १४३' असाच जातो. पण इंग्रजीत लिहिताना ब्लूबुकमध्ये 'व्ही'नंतर टिंब आणि नावानंतर स्वल्पविराम येतो. ऑस्कोलात टिंबही नाही, स्वल्पविरामही नाही, आणि नाव तिरप्या अक्षरांत. एवढ्यासाठी लेख परत पाठवतात का? नुसत्या टिंबासाठी नाही. पण पहिल्या दहा तळटीपा दहा तऱ्हांनी लिहिलेल्या दिसल्या की संपादक समजतो, याने आमचे नियम उघडूनही पाहिले नाहीत. मग आतला युक्तिवादही तसाच घाईचा असेल, असं तो धरून चालतो.

त्यातले आकडे कशाचे तेही समजून घ्यावं. (१९७९) २ एससीसी १४३ म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस'चा १९७९ चा दुसरा खंड, पान १४३. हाच निवाडा नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'मध्ये एआयआर १९७९ एससी १८५ असा सापडतो. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय प्रत्येक निवाड्याला स्वतःचा क्रमांक देतं. त्यात वर्ष, मग 'आयएनएससी' ही अक्षरं आणि मग अनुक्रमांक असतो, त्यामुळे कुठल्याही प्रकाशकाचा खंड विकत न घेता निवाडा दाखवता येतो. जर्नलला यातला कुठला चालतो ते त्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं.

निवाडा हेडनोट वाचून उद्धृत करू नका. हेडनोट म्हणजे निवाड्याच्या वर छापलेला सारांश, तो प्रकाशक लिहितो, न्यायालय नव्हे. आणि एआय चॅटबॉटला 'यावर पाच निवाडे दे' असं विचारून आलेली यादी तर मुळीच चिकटवू नका. न्यू यॉर्कमधल्या 'माता विरुद्ध एव्हियांका' प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर्सचा दंड झाला. जर्नलचा विद्यार्थी-संपादक तर प्रत्येक तळटीप उघडून बघतो, ते त्याचं कामच आहे.

वाङ्मयचौर्याचं गणितही थोडं माहीत असावं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या आहेत. अवतरणचिन्हांत, आधार देऊन घेतलेला मजकूर यात धरत नाहीत. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडलेलं आहे. म्हणून कलमाचा मजकूर लेखात घेतला तर घाबरायचं कारण नाही. मात्र सॉफ्टवेअरला फसवायला शब्द उलटेपालटे करून दुसऱ्याचा युक्तिवाद आपला म्हणून मांडला, तर टक्का शून्य आला तरी ती चोरीच.

पैसे मागणारी जर्नलं

'४८ तासांत स्वीकृती, प्रकाशन शुल्क १,५०० रुपये, ई-सर्टिफिकेट मोफत' असे संदेश विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतात. दोन दिवसांत परीक्षण होत नाही, एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तरी निम्मे वाचाल. अशा ठिकाणी आयएसएसएन क्रमांक ठळक छापतात. तो फक्त ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असंही नाही, कारण काही मोठे प्रकाशक लेख सर्वांना खुला ठेवायला शुल्क घेतात. पण नामवंत लॉ कॉलेजांची आणि विद्यापीठांची जर्नलं सहसा लेखकाकडून पैसे घेत नाहीत.

यादीवर विसंबायचे दिवसही गेले. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं एकदम वगळली. त्यानंतर मान्य जर्नलांची नवी 'केअर' यादी आली. तिच्या छाननीचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. आता स्वतःच बघायचं: संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, आपण मंडळावर आहोत हे त्यांना ठाऊक आहे का, मागचे अंक वाचायला मिळतात का आणि त्यात तुमच्या विषयावरचा एखादा वाचनीय लेख आहे का. तो लेख वाचलात तर आणखी एक काम होतं. त्याच्याशी सहमत किंवा असहमत होत तुमचा लेख उभा करता येतो, आणि संपादकाला तुम्ही त्यांचे अंक वाचता हे दिसतं.

शब्द, मुदत, आणि नंतरची कागदपत्रं

शब्दमर्यादा पाळा. आपल्याकडे दीर्घ लेखाला साधारण सहा ते दहा हजार शब्द आणि एका निवाड्यावरच्या टिपणाला, म्हणजे 'केस कॉमेंट'ला, तीन-चार हजार शब्द असा हिशेब असतो. तळटीपा त्यात धरतात की नाही, ते विचारून घ्या. अमेरिकेत लेख फारच लांबत गेले, तेव्हा 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'लाही तळटीपांसह २५,००० शब्दांच्या आतले लेख बरे, असं जाहीर करावं लागलं. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने केस कॉमेंटपासून सुरुवात करावी, असं माझं मत. एकच निवाडा असल्याने पसरायला जागा नसते आणि म्हणणं लवकर हाती येतं. मात्र ते निवाड्यानंतर काही महिन्यांत पोहोचायला हवं. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेची कलमं धरून लिहिलेले कितीतरी लेख पुन्हा तपासावे लागले. म्हणून अमुक तारखेपर्यंतचा कायदा विचारात घेतला आहे, अशी टीप सुरुवातीलाच द्यावी.

निर्णय यायला तीन-चार महिने सहज लागतात, परीक्षण बाहेर गेलं तर त्याहून जास्त. 'दुरुस्त करून पाठवा' हे उत्तर आलं तर ती चांगली बातमी आहे. परीक्षकाच्या प्रत्येक हरकतीखाली आपण काय बदललं ते पानाच्या क्रमांकासह लिहायचं. जी हरकत पटत नाही तिथे का पटत नाही हे दोन वाक्यांत, न चिडता सांगायचं. परीक्षक नेहमी बरोबर असतो असं नाही, आणि संपादकांनाही ते माहीत असतं.

स्वीकृतीनंतर करारपत्र येतं. ते सही करण्यापूर्वी वाचा, वकील आहात म्हणून तरी. कॉपीराइट पूर्ण जर्नलकडे जातो की त्यांना फक्त छापायचा परवाना मिळतो, लेख एसएसआरएनसारख्या संग्रहात टाकता येईल का आणि कधी, पुढे पुस्तकात घ्यायचा तर कोणाची परवानगी लागेल, या तीन गोष्टी त्यात शोधा. सापडल्या नाहीत तर मेल करून विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.